विंगेतला आवाज

झाडीपट्टीतल्या नटांना पाठांतर येत नाही, असं बाहेरचे लोक हसत हसत सांगतात. ते खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. दिवाळी झाली की गडचिरोली-चंद्रपूरपासून गोंदियापर्यंत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, मंडईला नाटक लागतं, आणि होळीपर्यंत एकेका नटाला शंभर-शंभर प्रयोग असतात. आज एका कंपनीत राजा, उद्या दुसऱ्या कंपनीत फौजदार. पाठ करायला वेळ कुणाला आहे? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो कुजबुजतो, नट ते कानानं उचलतो आणि दोन हजार माणसांना रडवून दाखवतो. या कंपन्यांची ऑफिसं ज्या वडसा गावात आहेत तिथं शालिक नाकाडे चौतीस वर्षं हे काम करत होता. त्याच्या तोडीचा प्रॉम्प्टर त्या मुलखात दुसरा नाही, हे त्याच्यावर जळणारेही कबूल करत.

त्याचं कसब वाचण्यात नव्हतं, तोडण्यात होतं. कुठल्या नटाच्या कानात किती मावतं हे त्याला बरोबर ठाऊक असे. जाडजूड खलनायक सहा शब्दांत भरून जायचा, सातवा दिला की पहिला सांडायचा. नट एक वाक्य म्हणत असताना दुसरं दिलं तर ते वाया जातं. श्वासासाठी थांबला की नेमकं त्या फटीत घालायचं. या सगळ्यांत सरस कान वच्छलाचा. ती कंपनीची नायिका. तिच्या कानात नऊ शब्द मावायचे, आणि ते तोंडातून बाहेर येताना तिच्याच पोटातून आल्यासारखे यायचे.

वच्छलाशी त्याचं लग्न कसं जमलं ती गोष्ट वडशात अजून सांगतात. आरमोरीच्या प्रयोगात शालिकनं मनाचा हिय्या करून, दोन संवादांच्या मधे, "माझ्याशी लग्न करशील का?" असं कुजबुजून घेतलं. बाईंना सवय अशी, की विंगेतून येईल ते म्हणायचं, विचार नंतर. तिनं पदर सावरून, डोळ्यांत पाणी आणून ते वाक्य समोरच्या पात्राला म्हणून टाकलं. समोर तिच्या सासऱ्याची भूमिका करणारे साठीचे गृहस्थ होते. मंडप शिट्ट्यांनी दणाणला. लग्न मात्र पुढच्याच उन्हाळ्यात झालं आणि बत्तीस वर्षं सुखानं टिकलं.

मग बॅटरीवरच्या एसट्या वडशापर्यंत येऊ लागल्या त्या वर्षी, नागपंचमीच्या सुमारास, वच्छलाला झटका आला. डोक्यातली एक बारीकशी नस तुंबली, तीही थोडकीच. हातपाय शाबूत, चेहरा सरळ, बोलणं पहिल्यासारखं घोळदार. तीस वर्षांपूर्वीची पदं म्हणून दाखवायची. सगळे म्हणाले, देवानं वाचवलं. शालिकही तसंच म्हणाला, पहिल्या तालमीपर्यंत.

तालीम दुपारी कंपनीच्या ऑफिसमागच्या पत्र्याखाली होती. शालिकनं नेहमीसारखं दिलं, "महाराज, या गावच्या मातीची शपथ आहे तुम्हाला." वच्छला म्हणाली, "महाराज," आणि विंगेकडे पाहू लागली. त्यानं पुन्हा दिलं. पुन्हा "महाराज." त्यानं वाक्य अर्धं केलं, मग तीनच शब्द दिले. तिला "महाराज" सोडून पुढचं काही सापडेना. ऐकू येत होतं, अर्थ कळत होता. तिनं नंतर स्वतःच सांगितलं की शपथेबद्दल काहीतरी होतं. पण शब्द उचलायला हात घालावा तर जागा रिकामी. सोबतचे नट पायांकडे बघत उभे राहिले. शालिकनं वही मिटली आणि तालीम उद्यावर ढकलली.

नागपूरच्या इस्पितळात डॉक्टर सावनी उमाळे म्हणून एक तरुण बाई अशाच रोग्यांवर काम करत होत्या. त्यांनी शालिकला समोर बसवून एक दहा आकडी नंबर सांगितला आणि म्हणाल्या, आता हुतूतू म्हणत राहा. तो म्हणत राहिला. अर्ध्या मिनिटानं त्यांनी नंबर विचारला तर त्याला पहिले दोन आकडे सोडून काही सांगता येईना.

मग त्यांनी समजावलं. ऐकलेले शब्द डोक्यात एका छोट्या कप्प्यात पडतात. तिथं ते दोन सेकंद ताजे राहतात, पुढं विरतात. विरायच्या आत माणूस मनातल्या मनात ते पुन्हा म्हणतो, म्हणजे ते परत त्याच कप्प्यात पडतात, परत दोन सेकंद. नंबर फिरवेपर्यंत आपण तो पुटपुटतो, तेच हे. तोंड हुतूतूत गुंतलं की ही आतली जीभ बंद पडते आणि शब्द सुकतात. नवा शब्द, नवं नाव, पाढा, जे काही कायमचं शिकायचं, ते आधी याच फेऱ्यांतून जातं. वच्छलाबाईंचा कप्पा गळका झाला होता आणि आतली जीभ लुळी पडली होती. जुनं सगळं जागेवर होतं, नव्याला थांबायला जागा नव्हती.

शालिकला यातलं अर्धं चौतीस वर्षं माहीत होतं. फक्त नावं आज कळली. विंगेत बसून आपण नटांची आतली जीभच होतो, हे ऐकून त्याला जरा मोठंही वाटलं.

उपाय नवा होता आणि चाचणीवर होता. कानामागं चिकटवायची एक पट्टी आणि गळ्यावर टिकलीएवढा ठिपका. पट्टी ऐकलेलं टिपायची, मेंदूतला माग विरू लागला की ओळखायची, आणि तेच शब्द हाडातून पुन्हा आत सोडायची. माणूस स्वतः मनात काही घोकू लागला तर गळ्याच्या अगदी बारीक हालचालींवरून ठिपक्याला ते कळायचं. तेही पट्टी परत म्हणायची. वॉर्डातल्या रोग्यांनी तिचं नाव कधीच घोकपट्टी करून टाकलं होतं.

फक्त पट्टीला आवाज लागायचा. डॉक्टरांचं म्हणणं, रोग्याचा स्वतःचा हवा. वच्छलाबाईंनी रोज थोडं थोडं बोलायचं, घरातलं, साधं. दोन महिन्यांत आवाज तयार होईल.

दोन महिने म्हणजे मंडई निम्मी संपली. शालिक म्हणाला, माझा घाला. डॉक्टर तयार होईनात. तो हट्टाला पेटला. ही बत्तीस वर्षं माझ्या कुजबुजीवर बोलते, स्वतःच्या मनाचं इतक्या लवकर ऐकत नाही जितकं माझं ऐकते, वाटल्यास आत्ता करून बघा. त्यांनी करून बघितलं. त्याच्या आवाजातली पट्टी लावून पाच मिनिटांत वच्छलानं नऊ शब्दांचं वाक्य म्हणून दाखवलं आणि तिथंच हुंदका दिला. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं की हा नवऱ्याचा आग्रह आहे, पुढचं सांगता येत नाही. शालिकनं सही केली. वच्छलाला कुणी विचारलं का, हे त्याला पुढं किती आठवूनही आठवलं नाही. तिनं मान डोलावली होती, एवढंच.

तो हंगाम तिनं गाजवला. ब्रह्मपुरीला, सिंदेवाहीला, कुरखेड्याला बायका तिला भेटायला रंगपटात रांग लावायच्या. शालिक पूर्वीसारखा विंगेत बसायचा, एकदाच कुजबुजायचा, बाकीचं पट्टी बघायची. आपण आता तिच्या कानातच राहायला गेलो, असं तो मित्रांना चहा पिताना सांगायचा, आणि मित्र त्याची टिंगल करायचे.

घरी फरक दिसायला लागला तो संक्रांतीनंतर. शालिक म्हणायचा, चहा ठेवतेस का? ती क्षणभर थांबायची आणि ठसक्यात म्हणायची, "चहा ठेवतेस का?" मग स्वतःच हसायची. सुरुवातीला दोघंही हसले. विंगेतून आलेलं म्हणून टाकायची जुनीच खोड, असं त्याला वाटलं. पण हळूहळू तिचं आपणहून बोलणं आटत गेलं. भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी बाई, त्यानं सांगितलेला भाव त्यालाच परत म्हणून दाखवायची आणि पिशवी पुढं करायची. मुलगी हेमलता नागपुरात शिक्षिका होती. ती होळीला आली, आईचा हात धरून म्हणाली, चल ना, राहा काही दिवस माझ्याकडे. आईनं तिच्याकडे मायेनं पाहिलं आणि रंगमंचावरच्या भरल्या आवाजात म्हणाली, "चल ना, राहा काही दिवस माझ्याकडे." हेमलता उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आत आली नाही.

त्या दिवशी वच्छला तांदूळ निवडत बसली होती. मधेच तिनं ताट खाली ठेवलं. एकेक शब्द चिमटीत धरून काढावा तसं ती बोलली.

"माह्या मनात आता मी बोलतच नाई, अजी. तुमीच बोलता."

शालिकनं तिच्यासमोरचं ताट आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचू लागला. जे बोलेल ते दोन सेकंदांनी पुन्हा तिच्या डोक्यात वाजणार होतं, त्याच्याच आवाजात. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या कुजबुजीची भीती वाटली.

वर्षाच्या तपासणीला ते नागपूरला गेले तेव्हा चाचणीतले बाकीचे रोगी पट्टी काढून बसले होते. एक निवृत्त पोस्टमास्तर हुतूतूवाल्या परीक्षेत डॉक्टरांचीच चूक काढून दाखवत होता. डॉक्टर उमाळ्यांनी दार लावून घेतलं आणि न लपवता सांगितलं. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू कानाला आधीच सांगून ठेवतो की हा आवाज माझा आहे. स्वतःच्या आवाजातली पट्टी ऐकताना मेंदूला वाटतं, हे मीच म्हणतोय, आणि लुळी जीभ पट्टीसोबत हलायला लागते. एक दिवस पट्टीशिवाय हलते. दुसऱ्याचा आवाज आला की मेंदू नुसता ऐकत बसतो. वच्छलाबाईंची आतली जीभ वर्षभर ऐकत बसली होती. शिवाय असा झटका आल्यावर मेंदू नवी वाट काढतो ती बहुतेक पहिल्या वर्षातच, आणि ते वर्ष गेलं होतं.

शालिकनं विचारलं की आता तिचा आवाज घालता येईल का. डॉक्टरांनी कंपनीकडच्या जुन्या प्रयोगांच्या चित्रणावरून बनवलेला एक आवाज लावून बघितला. वच्छलानं ऐकला आणि म्हणाली, "हे कोन बाई?" तिच्या आवाजातलं जे काही जगात साठवलेलं होतं ते सगळं नाटकातलं होतं, म्हणजे शालिकनंच विंगेतून दिलेलं. घरातल्या साध्या आवाजात ती भाकऱ्या थापताना काय बोलायची, ते टिपून ठेवावं असं बत्तीस वर्षांत कुणाला वाटलं नव्हतं, आणि आता टिपावं तर ती आपणहून बोलतच नव्हती.

एकच वाट उरली होती. पट्टी काढायची, सहा-आठ महिने तिला अडखळू द्यायचं, कुणी शब्द पुरवायचा नाही. येईल किंवा येणार नाही. रंगमंच मात्र गेला. आणि आणखी एक, असं म्हणून डॉक्टरांनी सकाळच्या तपासणीचं चित्रण लावलं. त्यात वच्छला डॉक्टरांकडे बघतच नव्हती. ती कोपऱ्यात बसलेल्या नवऱ्याच्या ओठांकडे बघत होती. आणि शालिकचे ओठ, समोर कुणीही बोलो, एकसारखे हलत होते. त्याला स्वतःला हे माहीतच नव्हतं. तुम्ही जवळ असाल तर पट्टी काढून उपयोग नाही, डॉक्टर म्हणाल्या. फोनवरसुद्धा तुमचा आवाज नको.

ठरवायचं वच्छलानं होतं. एवढं तरी या वेळी नीट करायचं, असं शालिकनं वाटेत मनाशी घेतलं. घरी आल्यावर दुपारी त्यानं तिला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "पट्टी काढायची?"

ती क्षणभर थांबली. "काढायची," ती म्हणाली.

त्याला बरं वाटलं. मग शंका आली. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं, "पट्टी राहू द्यायची?"

"राहू द्यायची," ती तितक्याच ठामपणे म्हणाली.

शालिक तिच्यासमोर बसून रडला. नायिकेला हजार वेळा रडवणारा माणूस, पण स्वतः रडताना त्याला त्यातलं काही तंत्र जमलं नाही. मग त्यानं तिच्या कानामागची पट्टी अलगद काढली, गळ्यावरचा ठिपका काढला, दोन्ही ओट्यावर तिच्यासमोर ठेवले, आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला, ओठ दिसू नयेत म्हणून.

शेजारी कुणाची तरी गिरणी चालू होती, ती थांबली. मग वच्छला उठून घरात गेल्याचं त्याला कळलं. कपाट उघडलं, बंद झालं. ती बाहेर आली आणि तिनं त्याच्या शेजारी त्याची पिशवी ठेवली, संहितेच्या वह्या नेण्याची जुनी खाकी पिशवी. आत त्याचे दोन सदरे आणि धोतर घडी करून घातलेलं होतं. सगळ्यात वर पट्टी होती.

"जा," ती म्हणाली.

तो वळला नाही. त्या एका शब्दात राग होता की माया, हे चौतीस वर्षं आवाज तोलणाऱ्या माणसाला सांगता आलं नाही. पण तो शब्द त्यानं दिलेला नव्हता, एवढं नक्की. तो पिशवी घेऊन संध्याकाळच्या एसटीनं सिंदेवाहीला बहिणीकडे गेला.

हेमलता वडशाला येऊन राहिली. आता निम्म्या शाळा घरूनच चालतात, त्यामुळे तिचं निभलं. दर रविवारी ती बापाला फोन करायची. पहिला महिना आई नुसती बसून असते, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या महिन्यात आईनं वैतागून तवा फेकला. तिसऱ्यात दुकानातून मीठ, जिरं, खोबरं आणायला गेली आणि जिरं घेऊन आली. चौथ्यात मीठ आणि जिरं. शालिक हे आकडे एखाद्या प्रयोगाच्या तारखांसारखे लक्षात ठेवायचा. मंडई आली. कंपनीनं गाडी पाठवली, त्यानं परत पाठवली. बहिणीच्या घरात कुणी बोलू लागलं की तो तोंडावर उपरणं धरायचा. ओठ बंद ठेवायला शिकणं या वयात सोपं नव्हतं. वच्छला आठ महिन्यांत जे शिकत होती त्यापेक्षा हे सोपं आहे, असं तो स्वतःला सांगायचा.

आठव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, हेमलता म्हणाली, बाबा, आईला तुमच्याशी बोलायचं आहे. डॉक्टरांनी हो म्हटलं आहे, पण तुम्ही बोलायचं नाही. नखानं फोनवर टकटक करा, दोनदा म्हणजे हो. शालिकनं लगेच दोनदा टकटक करून दाखवलं आणि हेमलता हसली.

मग श्वास ऐकू आला. तो श्वास त्यानं हजारो प्रयोगांत ऐकला होता, त्याच्याच फटीत शब्द घातले होते.

"अजी," वच्छला म्हणाली. "ऐकता ना?"

टकटक.

"काल मी दुकानात गेली. पाच वस्तू आनल्या. मीठ, जिरं, खोबरं, वात आन्‌ साबन. मनात घोकत घोकत गेली. बरोबर आनल्या."

शालिकच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. हा आवाज त्यानं कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. रंगमंचावरचा भरीवपणा त्यात नव्हता. जरा चिरका, घाईचा, भाकऱ्या थापतानाचा.

"आन्‌ मले तुमचा..." ती म्हणाली आणि अडकली.

त्याचे ओठ हलले. पुढं काय येऊ शकतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मले तुमचा विसर पडत नाई. मले तुमचा राग नाई. मले तुमचा चेहरा पाहाचा आहे. तिन्ही वाक्यं जिभेवर होती, तोडून, तिच्या कानाच्या मापाची. एक शब्द दिला असता तरी ती उचलून पुढं गेली असती. त्यानं तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला. दोन सेकंद गेले. चार गेले. तिकडे ती पुटपुटत होती, मागं जाऊन पुन्हा सुरुवातीपासून शब्द धरत होती. त्यानं डोळे मिटले.

"मले तुमचा आवाज आता मनात येतच नाई," ती म्हणाली. सबंध वाक्य, न अडखळता, शाळेतून पास होऊन आलेल्या पोरीसारखं. "मी आनून पायला काल. किती आठवला. नाईच येत. आता सगळं मीच बोलते."

मागं हेमलता काहीतरी म्हणाली, रडत किंवा हसत. शालिकनं तोंडावरचा हात काढला नाही. ज्या गोष्टीसाठी तो घरातून निघाला होता, ती झाली होती.

"ऐकता ना, अजी?" वच्छलानं विचारलं.

शालिकनं नखानं फोनवर दोनदा टकटक केलं.